बेवारस म्हणण्याआधी

मंडळी, सुरुवात एका भांडणापासून करू. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा एक अडत्या आणि साताऱ्यातला एक ट्रान्सपोर्टवाला. वीस वर्षांचा व्यवहार. अडत्या म्हणतो, "सहा महिने मेल टाकतोय, हा माणूस बघतच नाही." ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "एक मेल आलेला नाही. पाठवला असता तर आला नसता का?" शब्दानं शब्द वाढला, गाड्या थांबल्या. शेवटी अडत्यानं आम्हाला फोन केला, कारण त्याचा मेल आमच्याकडं असतो. आम्ही बघितलं. दोघंही खरं बोलत होते. सहा महिन्यांची पत्रं आमच्याच मशीनवर एका पेटीत न उघडता पडली होती.

झालं होतं असं. हा ट्रान्सपोर्टवाला पूर्वी आमचा ग्राहक. सात महिन्यांपूर्वी तो पुण्याच्या एका कंपनीकडं गेला. रीतसर गेला, बाकी चुकती करून गेला. त्याचं डोमेन नव्या ठिकाणी वळलं, सगळ्या जगाची पत्रं त्याला तिकडं मिळू लागली. फक्त आमच्या मशीनवरची त्याची नोंद, जिला आमच्या भाषेत झोन म्हणतात, ती आणि त्याची मेलपेटी आम्ही काढली नव्हती. अडत्याचा मेल त्याच मशीनवर. त्यानं 'पाठवा' दाबलं की मशीन बाहेर कुणाला विचारायचंच नाही. हा पत्ता तर माझ्या घरातलाच, असं समजून पत्र जुन्या पेटीत टाकायचं. 'पोचलं नाही' असा निरोपही यायचा नाही, कारण मशीनच्या हिशेबी ते पोचलेलं होतं.

चूक शंभर टक्के आमची. आणि ती चूक आम्ही चांगुलपणा समजून केली होती. राहू दे की, जागा कुठं लागतीय, परत आला तर उपयोगी पडेल, असं म्हणून.

अशा नोंदींना आमच्या धंद्यात 'पडीक डोमेन' म्हणतात, 'सोडलेली' म्हणतात, बहुतेक वेळा 'बेवारस' म्हणतात. आज आम्हाला टीका करायची आहे ती या शेवटच्या शब्दावर, आणि त्याच्या आडून आमच्याच धंद्यात चालणाऱ्या सवयींवर. साताऱ्यात आणि सांगलीत मिळून काही शे नावं आम्ही सांभाळतो, त्यामुळं ही टीका बाहेर उभं राहून केलेली नाही.

तुमच्यापैकी ज्यांना डीएनएस म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एसटी स्टँडवर उतरलेला पाहुणा पोवई नाक्यावर कुणाचं तरी घर विचारतो. नाक्यावरचा माणूस घर सांगत नाही. तो म्हणतो, शनिवार पेठेतलं ना, मग तिथल्या पानवाल्याला विचारा. पानवाला घर सांगतो. डॉट कॉम, डॉट इन यांची नोंदवही चालवणारे म्हणजे तो नाका. आम्ही म्हणजे पानवाला. नाक्यावरच्या वहीत कुणाचं नाव कुणाच्या मालकीचं हे लिहिलेलं असतं आणि कुठल्या पानवाल्याकडं पाठवायचं हेही. पानवाल्याला फक्त घर माहीत असतं. एवढंच आहे. बाकी सगळं या दोन वह्या एकमेकींशी जुळतात की नाही, यावर चालतं.

आता घोळ बघा. माणूस घर बदलून दुसऱ्या पेठेत गेला, नाक्यावरची वही बदलली, पण पानवाला अजून जुनं घर सांगतोय. नाक्यावरून येणारा चुकत नाही. पानवाल्याच्या टपरीवर रोज बसणारा मात्र चुकतो. आमच्या अडत्याचं तेच झालं.

दुसरा घोळ उलटा आहे आणि जास्त वाईट. ग्राहकानं पैसे दिले नाहीत, फोन उचलला नाही, म्हणून पानवाल्यानं त्याचं नाव वहीतून खोडलं. नाका मात्र अजून त्याच्याकडंच माणसं पाठवतोय. अशा वेळी तिसराच कुणी टपरीवर येऊन म्हणतो, "ते ना? तो मीच. माझं घर अमुक ठिकाणी, लिहून घ्या." आणि पानवाला लिहून घेतो. ही काल्पनिक गोष्ट नव्हे. २०१६ मध्ये मॅथ्यू ब्रायंट या संशोधकानं दाखवलं होतं की ॲमेझॉन, गूगल, रॅकस्पेस, डिजिटल ओशन अशा मोठ्या मोठ्या टपऱ्यांवर मिळून सुमारे १,२०,००० डोमेन याच अवस्थेत होती. नाका बोट दाखवतोय, वहीत नोंद नाही, आणि खातं उघडून कुणीही ती नोंद स्वतःच्या नावावर भरू शकतो. मालकाचा पासवर्ड चोरायला नको, रजिस्ट्रारला फसवायला नको. २०२४ च्या जुलैअखेर इन्फोब्लॉक्स आणि एक्लिप्सियम या दोन कंपन्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की २०१८ पासून ३५,००० हून अधिक डोमेन अशा वाटेनं बळकावली गेली. आठ वर्षांत वाट बुजली नाही, कारण ती बुजवायला पानवाल्याला प्रत्येक नव्या नावाला 'तुम्हीच मालक कशावरून' हे विचारावं लागतं, आणि त्यानं गिऱ्हाईक कंटाळतं.

आम्हीही विचारत नव्हतो, हे सांगून टाकतो. कुणीही पॅनलमध्ये कुठलंही डोमेन भरावं, पहिला येईल त्याचं. २०२४ नंतर बंद केलं.

म्हणजे ठेवलं तरी नुकसान आणि खोडलं तरी नुकसान. इथं आमचे व्यवसायबंधू म्हणतात, मग मधली मुदत ठरवा: तीस दिवस पैसे आले नाहीत तर झोन आपोआप उडवा, स्क्रिप्ट लावून टाका. परदेशातून आलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयारच असते. आमचा या तीस दिवसांवर राग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. गावभागात, पेठांमध्ये तळमजले बुडाले, वह्या गेल्या, संगणक गेले, माणसं नातेवाइकांकडं गेली. त्या महिन्यात कुणाकडून 'तुमची मुदत संपत आहे' या मेलचं उत्तर यावं? आणि मेल वाचायचा तो कुठल्या मशीनवर? तीस दिवसांचा नियम त्या सप्टेंबरमध्ये नेमका त्याच लोकांवर चालला असता, ज्यांना गाळ काढून दुकान उघडल्याबरोबर पहिली गरज जुन्या गिऱ्हाइकांच्या मेलची होती. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, २०२१ ला परत पूर. आमच्या भागात माणूस दोन-तीन महिने गप्प असला म्हणजे तो गेला, असा अर्थ होत नाही.

इतर ठिकाणी हे लोकांना केव्हाच कळलंय. पोस्टाला पत्ता सापडला नाही तर पत्र फेकत नाहीत. ते रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातं, ज्याला पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणायचे. तिथं पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी पत्र उघडायचा अधिकार ठरावीक माणसालाच असतो. बँकेत दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव बँकेला गिळता येत नाही. २०१४ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जाते, वारस नंतर आला तरी मागू शकतो, आणि २०२३ पासून शोधायला उद्गम पोर्टलही आहे. रस्त्यावर सोडलेल्या मोटारसायकलीचा लिलाव करण्याआधी पोलीस नोटीस काढतात. म्हणजे खरोखर बेवारस वस्तूलाही आपल्याकडं एक रीत आहे. डोमेनच्या नोंदींना, निदान आमच्या पातळीवर, रीत नाही. प्रत्येक पानवाला आपापल्या मर्जीनं वागतो. काही जण त्या नावावर जाहिरातींचं पान लावून दोन पैसे कमावतात. काही जण मुदत संपू देतात, स्वतः नाव घेतात आणि मूळ मालकाला दहापट भावानं विकतात. त्याला 'सर्व्हिस चार्ज' म्हणतात. आम्ही त्याला खंडणी म्हणू.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मागं एकदा आम्ही आमच्याकडच्या अशा सगळ्या 'बेवारस' नोंदी काढून बसलो. एकेक उघडायची, फोन लावायचा, नाही लागला तर गावात माणूस पाठवायचा. कोरेगावची एक शाळा, तासगावचे द्राक्षवाले, कराडचं एक मंगल कार्यालय, विट्याचं एक कापडदुकान. आम्हाला वाटलं होतं, बरीचशी दुकानं मिटली असतील. मिटली होती ती थोडी. बाकी ठिकाणी माणसं होती, धंदा चालू होता, शाळेत पोरं होती. त्यांना फक्त ठाऊक नव्हतं की त्यांचं असं काही नाव आहे आणि त्याला वर्षाला पैसे भरायचे असतात. का ठाऊक नव्हतं? कारण वेबसाइट करणाऱ्या मुलानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानं घेतलं होतं. चार वर्षं त्यानं भरलं, मग त्याला हिंजवडीत नोकरी लागली.

म्हणजे वारस आहे, वारस नोंद नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला लागत नाही. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असतं. शेत कसतोय मुलगा, कर्ज मागायला गेला की कळतं. त्या शेताला आपण बेवारस म्हणत नाही. म्हणतो, फेरफार राहिलाय. डोमेनबाबत मात्र चटकन बेवारस म्हणून मोकळं होतो, कारण तो शब्द वापरला की आपली जबाबदारी संपते.

नाक्याची वही बघून मालक शोधावा म्हटलं, तर तीही वाट अरुंद झाली आहे. पूर्वी 'हू इज' मध्ये नाव, फोन, पत्ता दिसायचा. २५ मे २०१८ ला युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि रजिस्ट्रारांनी जगभरच्या नोंदींवर पडदा टाकला. खासगीपणासाठी ते योग्यच झालं, आमची तक्रार नाही. पण त्यानंतर ग्राहकाचा खरा पत्ता कुठं टिकून असेल, तर तो आमच्यासारख्याच्या बिलबुकात. आणि बिलबुकात आम्ही काय लिहितो? 'शाळा, कोरेगाव' आणि त्या हिंजवडीच्या मुलाचा मोबाइल.

आमच्यातला एक जण वाद घालतो. म्हणतो, त्या शाळेचं नाव आपण आठ वर्षं पदरचे पैसे भरून जिवंत ठेवलं, शाळेनं ढुंकून बघितलं नाही, मग नाव कुणाचं? कसेल त्याची जमीन. वाक्य टाळ्यांचं आहे, पण उलटं लावलंय. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हे कागदावर नाव असलेल्यासाठी नव्हते, कागदावर नाव नसून राबणाऱ्यासाठी होते. इथं कागदावर आम्ही आहोत. त्या नावाची पाटी गेटवर लावली शाळेनं, दाखल्यांवर छापलं शाळेनं, पालकांना तोंडपाठ झालं ते शाळेमुळं. कुळाची बाजू शाळेची आहे. आम्ही फार तर सारा भरला. त्याची पावती करावी आणि तेवढे पैसे मागावेत.

शाळेनं दाद मागायची ठरवली तर? डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची लवादाची पद्धत आहे. पण तिथं नावावर आपला हक्क आहे हे सिद्ध करावं लागतं, फी भरावी लागते, वकील लागतो. कोरेगावची शाळा त्यापेक्षा नवीन डोमेन घेते. आणि जुनं सुटतं. डॉट कॉमचं गणित असं: मुदत संपल्यावर रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत सवड देऊ शकतो, मग नाव खोडलं की जादा पैसे भरून सोडवायला ३० दिवस, मग ५ दिवस, मग खुला बाजार. त्या बाजारात नाव विकत घेणाऱ्याला शाळेत रस नसतो. त्याला जुन्या नावाची पत हवी असते, आणि पालकांनी सेव्ह करून ठेवलेल्या पत्त्यावर पत्त्यांचा जुगार येतो. त्याहून मोठं म्हणजे त्या नावावर येणारे सगळे मेल त्याला मिळतात. मुख्याध्यापकांनी तो मेल देऊन जिथं जिथं खातं उघडलं असेल, तिथं 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की दुवा त्याच्या हातात.

शाळेचं झालं. हेच बँकेचं झालं तर? ही भीती आता खरी आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की सगळ्या बँकांनी डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जावं. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. नावं द्यायचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडं. निर्णय चांगला आहे. खोटी बँक ओळखायला लोकांना एक खूण मिळाली, आणि त्या शेवटाचं नाव ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. पण आपल्या दोन जिल्ह्यांत नागरी सहकारी बँका किती आहेत ते तुम्ही जाणता. त्या प्रत्येकीचं जुनं नाव आहे. ते पासबुकावर छापलंय, दरवर्षी घरोघर जाणाऱ्या दिनदर्शिकेच्या तळाला छापलंय, खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये नातवानं घालून दिलंय. चर्चा सगळी नवं नाव कधी मिळणार याची. जुन्या नावाचं रिन्यूअल कोण भरणार, किती वर्षं, हे संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर आम्ही तरी पाहिलेलं नाही. उलट 'आता ते लागत नाही, बंद करा' असं सांगणारे फोन आम्हाला आले. आम्ही बंद केलं नाही. लेखी मागितलं, आणि सोबत लिहून दिलं की हे नाव सोडलंत तर उद्या जो घेईल, त्याला तुमच्या सभासदांची पत्रं मिळतील.

बघा, आपला सांगली जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' होता. जुन्या खरेदीखतांवर तेच नाव आहे. म्हणून ती खतं कुणी खोटी म्हणत नाही. आणि मुख्य म्हणजे, जिल्ह्यानं ते नाव टाकलं म्हणून कुणी परका ते विकत घेऊन त्या नावानं महसूल गोळा करत बसला नाही. डोमेनच्या जगात नेमकं हेच करता येतं, साताऱ्यात जेवणाचं एक ताट येतं तेवढ्या पैशांत.

नाव बदलताना काय हरवतं, याचं एक उदाहरण वाईचंच आहे, आणि ते आदरानं घेतो. मराठी विश्वकोश. तर्कतीर्थांच्या नजरेखाली पहिला खंड १९७६ ला निघाला, तो आजही 'खंड पहिला, अमुक नोंद' एवढं म्हटलं की कुठल्याही ग्रंथालयात सापडतो. आंतरजालावर मात्र विश्वकोश आधी मराठीविश्वकोश डॉट इन होता, मग महाराष्ट्र शासनाच्या पत्त्याखाली होता, आता विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन आहे, आणि ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी आणखी एका, डॉट ऑर्गच्या पत्त्यावर. मराठी विकिपीडियावरचे संदर्भ उघडून बघा, हे वेगवेगळे पत्ते थरांसारखे दिसतात. मजकूर कुणी टाकला नाही, उलट सगळ्यांना फुकट खुला केला, हे मोठं काम. पण प्रत्येक स्थलांतरात जुना पत्ता ही संपत्ती आहे, त्यावर दुसऱ्यांनी बांधकाम केलंय, हे कुणाच्या कामाच्या यादीत होतं का? आमच्यासारखे तंत्रज्ञ तिथं सांगायला हवे होते. आम्ही कधी सांगत नाही. आम्ही नवीन झोन चालू करून बिल देतो.

तुम्ही म्हणाल, टीका झाली, करता काय ते सांगा. फार मोठं काही नाही. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट आमच्या प्रत्येक नावाबद्दल नाक्याला विचारते, अजून आमच्याकडं पाठवता का? सलग महिनाभर 'नाही' आलं, तर आधी मशीनला सांगतो की हा पत्ता आता घरातला नव्हे, आणि मगच झोन बंद करतो. फाइल मात्र ठेवतो. वीस-पंचवीस ओळींचा मजकूर असतो, त्याला जागा ती किती लागणार? उत्तर 'हो' असेल आणि ग्राहक गप्प असेल, तर झोन खोडत नाही. वर्षभर जसाच्या तसा चालू ठेवतो, मग माणूस पाठवतो. माणूस खरोखरच गेला असेल तर रिकामा झोन ठेवतो: वेबसाइट नाही, आणि मेलच्या जागी नुसतं एक टिंब. २०१५ पासून तशी ठरलेली खूण आहे, की या नावावर मेल घेतला जात नाही. पाठवणाऱ्याला लगेच परत निरोप जातो, त्याची सहा महिने वाट बघण्यात जात नाहीत. आणि जागा रिकामी नसल्यामुळं टपरीवर येऊन 'तो मीच' म्हणणाऱ्याला ती मिळत नाही.

आणि नवीन डोमेन घेताना ते ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या मोबाइलवर. ओटीपी आमच्याकडं येत नाही. यानं आमचा धंदा थोडा कमी झाला, कारण ज्याच्या हातात किल्ली आहे तो कधीही निघून जाऊ शकतो. काही गेले.

जुन्यांचं काम अजून चालू आहे, आणि सगळं निस्तरलेलं नाही. एक नाव सांगतो आणि थांबतो. सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी २००९ मध्ये आमच्याकडं साइट केली होती. कृष्णाकाठच्या झाडांवरची टिपणं, स्वतः काढलेली चित्रं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणं डोमेन आम्ही आमच्या नावावर घेतलं. गुरुजी गेले. मुलगा परदेशात आहे, त्याला दोनदा लिहिलं, की हे तुमच्या नावावर करून घ्या. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, "ठेवा." कुणाच्या नावावर ठेवायचं, ते त्यानं लिहिलं नाही. फॉर्म भरून पाठवला आहे, फक्त सही हवी. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. ते आम्ही भरू, पण नाक्यावरच्या वहीत मालक म्हणून आजही आम्हीच आहोत.

प्रश्न असतील तर घेऊ.